राजगड जगाच्या यादीत गेला, पण रविवारच्या गर्दीचा हिशोब पायथ्याच्या गावांनी मांडलाय का?

भोर / वेल्हे : शनिवारी संध्याकाळी पुण्या-पिंपरीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय असतो, उद्या राजगड! किती गाड्या, किती वाजता निघायचं, नाष्टा कुठं, सगळं ठरतं. रविवारी सकाळी चेलाडी फाट्याला वळून नसरापूर, मार्गासनी, साखर करत गाड्यांची रांग गुंजवण्याला पोचते. दुपारी पब्लिक खाली उतरतं आणि अंधार पडायच्या आत पुण्याला परततं. गावात मागे काय राहतं? थोडाफार धंदा, रस्त्यात अडकलेला दुधाचा टेम्पो आणि ओढ्याकाठचा प्लास्टिकचा ढीग.

पाहुण्यांचा बेत पक्का असतो, गावाचा मात्र काहीच नसतो. आणि आता गर्दी कमी होणार नाही, वाढणारच आहे.

नेमकं काय बदललं?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात महाराष्ट्रातले ११ आणि तामिळनाडूतला जिंजी. या बारांत राजगड आहे. शेजारचा तोरणा नाही. त्याच वर्षी वेल्हे तालुक्याचं नाव बदलून ‘राजगड’ करायलाही केंद्राची मंजुरी मिळाली. राज्य मंत्रिमंडळाने तो निर्णय २०२४ मध्येच घेतला होता.

यादीत नाव लागलं म्हणून गावाच्या खात्यात पैसे येत नाहीत, हे आधी समजून घ्यायला हवं. कुणाची जमीनही युनेस्कोच्या मालकीची होत नाही. राजगड हे राज्य सरकारचं संरक्षित स्मारक आहे. रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. म्हणजे गड सांभाळायची जबाबदारी आधी होती त्याच कार्यालयाची आहे. फरक इतकाच, की आता त्या कामाकडे जगाचं लक्ष असणार आणि बांधकामाचे नियम जास्त काटेकोरपणे पाळले जाणार.

मोठी बांधकामं करण्याआधी युनेस्कोच्या समितीला कळवावं लागतं. राजगडावर रोपवे करायचा प्रस्ताव काही वर्षांपूर्वी आला, तेव्हा दुर्गप्रेमींनी विरोध केला होता. तो विषय पुन्हा निघाला तर निर्णय फक्त मुंबईत घेऊन भागणार नाही.

सगळा भार एकाच वाटेवर

छत्रपती शिवाजी महाराजांची रायगडाआधीची राजधानी हीच. १६६६ मध्ये आग्र्याहून निसटल्यावर महाराज परतले ते राजगडावर. सईबाईंचं निधन इथलंच, १६५९ चं. राजाराम महाराजांचा जन्मही इथलाच, १६७० चा. समुद्रसपाटीपासून साधारण १,४०० मीटर उंची, मधे बालेकिल्ला आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या. एवढा पसारा बघायला अख्खा दिवस पुरत नाही.

तरीही बहुतेक लोक एकाच वाटेने जातात, गुंजवण्यातून चोर दरवाजाने. ही वाट उभ्या चढाची, शेवटी रेलिंग धरून कातळ चढायचा. पावसाळ्यात तिथं चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की खोळंबा होतो, आणि पाय घसरण्याचा धोका तिथंच जास्त. वाजेघर-पालीकडून पाली दरवाजाची वाट रुंद आणि पायऱ्यांची आहे. म्हातारी माणसं, लेकरं यांना तीच बरी. तिसरी वाट भोर तालुक्यातल्या भुतोंड्याकडून अळू दरवाजाला जाते. तिकडे फार कमी लोक फिरकतात.

म्हणून हा प्रश्न एका तालुक्याचा नाही. १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत राजगड आणि तोरणा भोर संस्थानातच होते. पंतसचिवांचा राजवाडा भोर शहरात उभा आहे, सिनेमांच्या शूटिंगमुळे लोकांना ठाऊकही आहे. रोहिडा भोरपासून जवळ आहे. गर्दी नसरापूरवरून येते, म्हणजे भोर तालुक्यातूनच. भोर आणि राजगड तालुक्याने मिळून पाहुण्यांना दोन दिवसांचा बेत दिला, तर रविवारचा भार वाटला जाईल आणि मुक्कामाचे चार पैसे गावात राहतील.

शेजारचा सिंहगड, लांबची हंपी

सिंहगडावर वन विभाग आणि गावची संयुक्त वन व्यवस्थापन समिती मिळून वाहनांचं शुल्क घेतात. त्यामुळे पैसा गोळा होतो आणि स्थानिक पोरांना कामही मिळतं. पण कोंडी काही सुटलेली नाही. मे २०२२ मध्ये खासगी गाड्या खाली थांबवून ई-बस सुरू केल्या, त्या घाटातल्या अडचणींमुळे थोड्याच दिवसांत बंद पडल्या. आधी गर्दी वाढू दिली आणि मग उपाय शोधला की असं होतं.

हंपीची गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. कर्नाटकातलं हे ठिकाण १९८६ मध्ये जागतिक यादीत आलं. तिथल्या पुलाच्या बांधकामामुळे १९९९ मध्ये ते ‘धोक्यातला वारसा’ ठरलं आणि २००६ मध्ये त्यातून बाहेर निघालं. पुढे २०११ मध्ये विरूपाक्ष मंदिरासमोरच्या जुन्या बाजारातल्या दगडी मंडपांत राहणारी, दुकानं चालवणारी कुटुंबं तिथून हटवली गेली.

राजगडाच्या पायथ्याची गावठाणं हंपीच्या मंडपांसारखी स्मारकात नाहीत. त्यामुळे घरं जातील अशी अफवा कुणी फॉरवर्ड केली तर घाबरायचं कारण नाही. पण गडावर डोक्यावरून सामान नेऊन ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी विकणाऱ्या बाया-बापड्यांचं काय? नियम कडक झाले की पहिली गदा यांच्यावरच येते. कित्येक वर्षं बसतोय म्हणून भागत नाही, साहेब कागद मागतात. नाव कुठल्या यादीत नसलं, की उठावं लागतं.

ग्रामसभेच्या हातात काय आहे?

बरंच आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीला कर आणि फी बसवायचे अधिकार दिले आहेत. त्यातून चार कामं लगेच हाती घेता येतील.

एक, गाडीतळ. रस्त्याकडेला वाटेल तिथं गाड्या लावण्याऐवजी ठरलेली जागा, ठरलेला दर आणि छापील पावती. जमा पैशाचा हिशोब ग्रामसभेत वाचायचा.

दोन, विक्रेत्यांची यादी. गडावर आणि पायथ्याला कोण काय विकतं, याची नोंद ठरावासह पुरातत्त्व आणि वन विभागाला द्यायची. उद्या ओळखपत्र द्यायची वेळ आली तर गावचा माणूस पहिला असावा, बाहेरचा ठेकेदार नव्हे.

तीन, मुक्काम. गडावर राहायला पुरातत्त्व विभागाने यापूर्वीच मनाई केली आहे. म्हणजे राहायचं तर पायथ्याला. पर्यटन विभागाची न्याहारी-निवास योजना आणि राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण यासाठीच आहे. नोंदणी असलेल्या घराला पाहुणा बिनधास्त येतो.

चार, कचरा. वर जाताना बाटल्या मोजून अनामत घ्यायची, खाली रिकाम्या दाखवल्या की परत. ही पद्धत कुठल्याही गावाला जमण्यासारखी आहे.

पाहुण्यांना हे आधीच कळवा

गावात येणाऱ्या नातेवाइकांना, ओळखीच्या ट्रेकर्सना एक साधा मेसेज पाठवता येईल. शक्यतो रविवार टाळा. सकाळी लवकर चढा, अंधाराआधी उतरा. घरची माणसं, लहान मुलं असतील तर पाली दरवाजाची वाट धरा. पाणी सोबत घ्या, गडावरची टाकी-तळी घाण करू नका. पावसात चोर दरवाजा आणि बालेकिल्ल्याचा चढ जपून. मोठ्या आवाजात स्पीकर नको, दारू तर नकोच. जेवण गावात सांगून ठेवा, म्हणजे भाकरी गरम मिळेल. अपघात झाला तर १०८ किंवा ११२ ला फोन करा.

गड साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ उभा आहे, तो रविवारच्या गर्दीने लगेच पडणार नाही. पण त्याच्या नावावर येणारा पैसा कुणाच्या हातात जाणार, हे येत्या काही वर्षांत ठरेल. गुंजवणे, पाली, वाजेघर, भुतोंडे इथल्या पुढच्या ग्रामसभेत हा विषय अजेंड्यावर आला नाही, तर तो दुसरीकडे कुठंतरी ठरेल आणि गावाला फक्त नोटीस मिळेल.