समुद्रांतील दोन प्रवासी

समुद्रांतील शेवाळ व समुद्रांतील कासव यांची तुलना करावयाची म्हटली तर बहुतेक वाचक हंसतील. एक बुळबुळीत वनस्पति. दुसरा पाठीवर ढाल वाहणारा प्राणी! परंतु अटलांटिक महासागरांत हीं दोघें एकाच बिऱ्हाडांत राहतात.

सर्गासम नांवाचें हें तपकिरी शेवाळ. त्याचीं भावंडें आपल्या कोकणांतल्या खडकांना घट्ट धरून वाढतात. पण अटलांटिकांतील दोन जातींनीं खडकाशीं संबंधच ठेवलेला नाहीं. वायूनें भरलेल्या लहान लहान पोकळ गोळ्यांच्या आधारानें त्या पाण्यावर तरंगतात, आणि तुकडा मोडला कीं तोच नवें रोप होऊन वाढूं लागतो. बीज नाहीं, मूळ नाहीं, माहेर नाहीं. ज्या सर्गासो समुद्राला त्यांचें नांव मिळालें त्यालाही किनारा नाहीं; चार प्रवाहांनींच त्याच्या सीमा आंखल्या आहेत. १४९२ सालीं कोलंबसाला हे तरंगते ताटवे वाटेंत भेटले होते.

कासवाचें सर्व उलट. हवेचा आधार त्यालाही लागतो, पण तो श्वासासाठीं. फ्लॉरिडाच्या वाळूंत जन्मलेलें लॉगरहेड जातीचें पिल्लू जेमतेम दोन इंचांचें असतें. आई अंडीं पुरून केव्हांच समुद्रांत गेलेली! तें एकटें पोहत या ताटव्यांपर्यंत पोहोंचतें व तेथें लपून, बारीकसारीक जीव खाऊन वाढतें. शेवाळालाच त्याची दाई म्हणावयाचें. मात्र एकाच प्रवाहांत असून शेवाळ वाहून जातें आणि कासव प्रवास करतें. केनेथ लोमन व त्यांचे सहकारी यांनीं २००१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, समुद्र कधींही न पाहिलेल्या पिल्लांभोंवतीं महासागरांतील निरनिराळ्या ठिकाणचें चुंबकीय क्षेत्र निर्माण केलें. तेव्हां त्या त्या ठिकाणीं प्रवाहाबाहेर फेंकलें न जाण्यास जी दिशा सोयीची, तिकडेच पिल्लें वळलीं. पुढें दोनतीन दशकांनीं मादी अंडीं घालावयास येते, तीही बहुधा आपल्या जन्मभूमीच्याच परिसरांत.

हीच निष्ठा आतां तिला जड जात आहे. २०११ पासून उष्णकटिबंधांतील अटलांटिकांत सर्गासमचा प्रचंड पट्टा दिसूं लागला. २०१८ सालीं तो पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारें ८,८५० किलोमीटर पसरला होता, व त्याचें वजन दोन कोटी टनांहून अधिक असावें, असें उपग्रहांच्या साहाय्यानें शास्त्रज्ञांनीं ठरविलें. त्याच्या कारणांविषयीं त्यांच्यांत अद्याप एकमत नाहीं. शेवाळाला हा किनारा काय नि तो काय, सारखाच. जेथें वारा नेईल तेथें त्याचे ढीग साचतात. कॅरिबियन बेटांवर ते कुजूं लागले म्हणजे सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधि सुटते, आणि तक्रार प्रथम होते ती त्या वासाची! परंतु अंडीं घालावयास आलेल्या मादीला तेथें मोकळी वाळू सांपडत नाहीं, आणि जें शेवाळ समुद्रांत पिल्लाचा पाळणा होतें, तेंच किनाऱ्यावर त्याच्या वाटेंत तट होऊन पडतें. बोटाएवढ्या जिवानें तो कसा ओलांडावा? बरें, यंत्रें लावून ढीग उपसावेत, तर वाळूंत पुरलेलीं अंडीं चिरडण्याचें भय. म्हणून अंड्यांच्या हंगामांत घरट्यांजवळचें शेवाळ यंत्रानें न काढतां, दंताळें घेऊन हातानेंच हलक्यानें ओढावें लागतें.