आधी सापाचे घर

नवे घर घेतले की बिऱ्हाड हलण्यापूर्वीच माणसाच्या मनात त्या घराचा नकाशा तयार होऊ लागतो. दिवाणखान्यात काय असावे, पुस्तकांचे कपाट कोणत्या भिंतीशी उभे राहावे, पाहुण्यांच्या निजण्याची तजवीज कुठे करावी, याचा खल रात्र रात्र चालतो, आणि घरात एखादा पाळलेला जीव असलाच, तर हा सारा हिशेब आटोपल्यावर उरलेला कोपरा त्याच्या वाट्याला येतो. कुत्र्यामांजरांचे त्यामुळे फारसे अडत नाही, कारण ऊन तापले की ती सावलीत जातात, थंडी पडली की माणसाच्या अंथरुणात शिरतात आणि आपली सोय आपणच लावून घेतात. परंतु ज्या प्राण्याचे अवघे आयुष्य एका पेटीत जायचे आहे, आणि देहाला लागणारी ऊब, ओल, अंधार व निवांतपणा ज्याला त्या पेटीतच मिळायचा आहे, त्याला उरलेला कोपरा देणे हा अन्याय होय. घरात साप असेल, तर नव्या घरात त्याची जागा सर्वांआधी ठरली पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

या मताला निमित्त झाले ते माझ्या पुतण्याच्या स्थलांतराचे. तो इंग्लंडात लेस्टर येथे राहतो. इतकी वर्षे भाड्याच्या जागेत काढल्यावर अलीकडे त्याने लाल विटांच्या, एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या जुन्या घरांच्या रांगेतले एक घर विकत घेतले, आणि त्या सुमारास माझा मुक्काम त्याच्याकडेच होता. त्याच्या घरी दोन सापिणी आहेत. एक नारिंगी अंगाची, साडेचार फूट लांबीची कॉर्न स्नेक, जिचे मूळ वसतिस्थान अमेरिकेचा आग्नेय भाग. तिचे नाव त्याने केशर ठेवले आहे. दुसरी रजनी, पश्चिम आफ्रिकेतल्या रॉयल पायथन या लहानखुऱ्या अजगराच्या जातीची, आखूड, जाडजूड आणि कमालीची शांत. दोन्ही जाती बिनविषारी असून त्या पाळण्यासाठी इंग्लंडात परवाना लागत नाही. विषारी सापांसाठी मात्र तेथे १९७६ च्या कायद्यान्वये परवाना घ्यावा लागतो.

घर ताब्यात आले त्या दिवशी सोबत गेलेल्या मंडळींनी सोफा कुठे बसेल याची चर्चा आरंभली, तेव्हा पुतण्या हातात मापाची फीत घेऊन मधल्या खोलीत उभा होता. मला तो म्हणाला, "काका, सोफा काय, कुठेही मावेल. या दोघींचं आधी बघू द्या." त्या वेळी मला हा त्याचा हट्ट वाटला, पण पुढे तो एकेक भिंत कोणत्या कारणासाठी नाकारतो आहे हे पाहिले, तेव्हा त्यामागची दृष्टी ध्यानात आली.

साप आपल्या देहाची उष्णता आपण निर्माण करीत नाही. ती तो परिसरातून घेतो, आणि म्हणून त्याच्या घरात एकच एक तापमान ठेवून भागत नाही. एक टोक उबदार आणि दुसरे टोक थंड असावे लागते, म्हणजे अन्न पचवताना उबेकडे आणि एरवी गारव्याकडे सरकण्याची मुभा त्याला राहते. कॉर्न स्नेकला उबदार टोकाशी २८ ते ३० अंश सेल्सिअस पुरते; रॉयल पायथनला ३१ ते ३३ अंश लागतात, आणि तिचे थंड टोकदेखील २४ अंशांच्या खाली जाऊन चालत नाही. दोन्ही टोकांना लपण्यासाठी एकेक अंधारी जागा द्यावी लागते, कारण आडोसा एकाच टोकाला असला तर ऊब आणि सुरक्षितता यांपैकी एकीवर सापाला पाणी सोडावे लागते. रानात हे साप स्वतः बीळ खोदत नाहीत. रॉयल पायथन तर उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांतच दिवस काढतो. आयते बीळ शोधणे हा ज्याचा निसर्गधर्म, त्याच्यासाठी ते बीळ विचारपूर्वक रचण्याची जबाबदारी त्याला घरी आणणाऱ्यावर येते.

हा विचार रुजवण्यात एका स्त्रीचा वाटा फार मोठा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र गृह उघडले, ते जगातले पहिले. आणि १९२७ साली तेथे त्यांच्यासाठी जे नवे गृह उभे राहिले, त्याची कल्पना जोन प्रॉक्टर या अभ्यासू स्त्रीची होती. शाळकरी वयापासून तिने साप व सरडे पाळले होते आणि वयाच्या तिशीपूर्वीच त्या विभागाची सूत्रे तिच्या हाती आली होती. सबंध इमारत सारखी तापवण्याऐवजी प्रत्येक दालनात विजेने निरनिराळी ऊब राखावी आणि अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच वापरावी, असा तिचा आग्रह होता. दीर्घ आजाराशी झुंजत १९३१ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ती निवर्तली. परंतु प्रत्येक दालन हे त्यात राहणाऱ्या प्राण्याच्या गरजेनुसार घडवावे हे तत्त्व तिच्या पश्चात टिकले, आणि आज लेस्टरमधल्या एका मध्यमवर्गीय घरातल्या लाकडी पेटीतही ते मला प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

त्या घराची पुढली खोली प्रशस्त व उजेडाची. पण तिला रस्त्याकडे मोठी खिडकी होती, आणि काचेच्या पेटीवर दुपारचे ऊन थेट पडले तर आतले तापमान थोडक्या वेळात प्राणघातक होऊ शकते. खिडकीखाली रेडिएटर, म्हणजे खोली तापवणारे यंत्र, आणि त्याच्या उष्णतेवर पेटीच्या थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमान राखणाऱ्या यंत्राचा, ताबा चालत नाही. स्वयंपाकघर मुळातच वर्ज्य. तेथे वाफ, धूर आणि फवाऱ्यांचे वास असतात, आणि सापांच्या अंगी साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, तेव्हा अन्न शिजवण्याच्या जागेपासून त्यांना दूर ठेवणेच इष्ट. जिन्याखालची जागा पुष्कळांना सोयीची वाटली असती, परंतु सापाला बाहेरून दिसणारे कान नसले तरी जमिनीची कंपने त्याला जबड्याच्या हाडांवाटे अचूक कळतात, आणि डोक्यावरून सतत माणसांची ये-जा चालू असताना त्याला स्वस्थता कशी लाभावी? मधल्या खोलीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक होत्या. पुतण्याने संध्याकाळच्या वेळी दोन्ही भिंतींना तळहात लावून बराच वेळ कानोसा घेतला. एका भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा जिना होता, आणि त्यावरून कुणी उतरले की तळहाताला धक्का जाणवत असे. दुसरी भिंत निःशब्द होती. तिलाच पसंती मिळाली.

आता प्रश्न आकाराचा. मोठ्या सापालाही आखूड पेटी चालते, तो वेटोळे करूनच राहतो, असा समज पाळणाऱ्यांत फार काळ रूढ होता. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक क्लिफर्ड वॉर्विक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या समजाची चिकित्सा केली आणि सापाला सबंध देह सरळ ताणता येईल एवढी जागा मिळालीच पाहिजे, असे प्रतिपादन केले. इंग्लंडच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यातही प्राण्याच्या गरजांमध्ये योग्य निवास आणि स्वाभाविक वर्तनाची मुभा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केशर आजवर तीन फुटी पेटीत राहिली होती. नव्या घरात दोघींसाठी प्रत्येकी पाच फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशा पेट्या, ज्यांना तिकडे व्हिव्हेरियम म्हणतात, करून घेतल्या. फळ्या सुट्या आणून खोलीतच जोडल्या, कारण तयार पेटी घरातल्या अरुंद बोळातून वळलीच नसती. पेट्या एकीवर एक बसवल्या. ऊब वर चढते म्हणून अधिक उष्णता लागणारी रजनी वरच्या पेटीत आणि केशर खालच्या पेटीत, असा क्रम ठरला. दोघींना एकत्र ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. या जाती एकान्तवासी आहेत आणि सोबत त्यांना सुख देत नाही.

सापिणी घरात येण्यापूर्वी खोलीचा कसून बंदोबस्त झाला. जुन्या लाकडी जमिनीच्या फटी पट्ट्या ठोकून बुजवल्या, नळ भिंतीत शिरतात तेथली भोके भरली, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या शेकोटीचे धुराडे जाळी बसवून बंद केले, कारण कॉर्न स्नेक पळून जाण्यात पटाईत असते आणि एकदा का ती भिंतीच्या पोकळीत शिरली, की तिला शोधण्यासाठी भिंत फोडण्याची पाळी येते. काचेच्या सरकत्या दारांना कुलपे आली. तापवणाऱ्या दिव्यांभोवती जाळीचे पिंजरे आले, कारण ऊब मिळावी म्हणून साप दिव्याला विळखा घालतो आणि भाजतो. भिंतींच्या ताज्या रंगाचा वास पुरता जाईपर्यंत दोघी जुन्या जागेतच राहिल्या. जिभेने हवेतले गंध टिपून जगणाऱ्या प्राण्याला तो उग्र वास किती जाचक होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

सामान हलवण्याच्या दिवसाआधी काही दिवस दोघींना उपाशी ठेवले होते, कारण पोटात अन्न असताना हलवले की साप ते ओकून टाकतो. केशर गाठ मारलेल्या सुती पिशवीत आणि ती पिशवी थर्मोकोलच्या झाकणदार डब्यात, अशी ती मोटारीतून आली. नव्या पेटीत पिशवीचे तोंड सोडले तेव्हा बराच वेळ काहीच हालले नाही. मग कापडाच्या घडीतून नारिंगी तोंड बाहेर आले, जीभ तीनचार वेळा लवलवली, आणि ती भिंतीच्या कडेने सरळ पाच फूट सरकत जाऊन दूरच्या आडोशात नाहीशी झाली. त्या एका सरळ रेषेने मला सर्व मोजमापांचा अर्थ कळला. त्यानंतर आठवडाभर दोघींना कुणी हात लावला नाही. केशरने लवकरच उंदीर खाल्ला. रजनीने पुष्कळ दिवस अन्नाला तोंड लावले नाही, आणि पुतण्या धीराने थांबला, कारण तिची जात जागा बदलल्यावर असे दीर्घ उपवास करते हे त्याला ठाऊक होते.

स्वतःचे घर असणाऱ्याला हे सारे साधते, भाडेकरूचे काय? तेथे घरमालकाच्या एका नकारापायी पाळीव प्राणी दुसऱ्याला देऊन टाकण्याची वेळ अनेकांवर येत असे. ब्रिटिश पार्लमेंटने इंग्लंडसाठी २०२५ मध्ये संमत केलेल्या भाडेकरू-हक्कांच्या कायद्याने प्राणी पाळण्याची परवानगी मागण्याचा अधिकार भाडेकरूस दिला असून मालकाला सबळ कारणावाचून ती नाकारता येणार नाही. हा बदल स्वागतार्ह आहे, कारण सापाचे आयुष्य आपल्या एका करारनाम्याहून कितीतरी मोठे असते. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षे जगते. अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयात एका रॉयल पायथनने २०२० मध्ये, वयाच्या साठीनंतर, अंडी घातली. असा प्राणी घरी आणणाऱ्याने आपल्या पुढल्या दोन-तीन घरांचादेखील विचार केलेला असावा.

हे वाचून आपल्याकडे कुणाला साप पाळण्याची इच्छा झाली, तर तिला येथेच आवर घालावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार नाग, घोणस, धामण, अजगर हे आपले साप पकडणे वा घरी ठेवणे हा गुन्हा आहे, आणि वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेल्या परदेशी जातींची सरकारदरबारी नोंद करणे २०२२ च्या दुरुस्तीने बंधनकारक केले आहे. आपल्या सापांचे घर आपले शेत, आपला बांध, आपले रान हेच आहे. अंगणात साप दिसला तर काठी उचलू नका. दूर राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि आपले कुणी परदेशी राहत असून त्यांनी तेथल्या कायद्यानुसार साप पाळला असेल, तर घर बदलताना त्यांना एवढेच सांगा, की आधी सापाची भिंत निवडा, मग आपला सोफा.