वंशावळ आपली, चोपडी परक्यांच्या दारी!

त्र्यंबकेश्वरास गेलेल्या यात्रेकरूला तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात आणि घटकाभरात जुनी चोपडी उलगडून त्याच्या पणजोबाचे नाव वाचून दाखवितात. चोपडी ज्याच्या हाती, त्याचा शब्द अखेरचा, हा या व्यवहाराचा साधा नियम आहे. आजच्या जीवशास्त्रानेही अशीच एक चोपडी लिहावयास घेतली आहे. बेडूक, मासे, शिंपले, विषाणू, भाताची वाणे या सर्वांची वंशावळ त्यांच्या पेशींतील डीएनएच्या अक्षरांवरून मांडणारे शास्त्र म्हणजे फायलोजेनेटिक्स. त्या अक्षरांच्या अफाट राशी संगणकावर साठविणारे, चाळणारे आणि जुळवून पाहणारे शास्त्र म्हणजे जैवमाहितीशास्त्र, अर्थात बायोइन्फर्मेटिक्स. या देशाच्या जीवसृष्टीची चोपडी वाचू शकणारे तरुण देशात किती तयार होत आहेत आणि त्यांना कोण तयार करीत आहे, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न विद्यापीठांच्या भिंतीआडचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी न्हावा शेव्याच्या धक्क्याकडे पाहावे.

पारपत्राविना आलेले पाहुणे

१९८९ साली कार्यान्वित झालेले न्हावा शेव्याचे बंदर आज देशाच्या कंटेनर व्यापाराचे एक महाद्वार आहे. माल उतरवून हलके झालेले जहाज तोल सावरण्यासाठी पोटातील टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेते आणि दुसऱ्या बंदरात माल चढविताना ते ओतून देते. यालाच बॅलास्ट पाणी म्हणतात. या पाण्यातून अंडी, डिंभ, सूक्ष्म शेवाळ आणि जिवाणू सातासमुद्रापलीकडून येतात. काही जीव तर जहाजाच्या बुडालाच चिकटून येतात. कंटेनरची मोहर तपासणारे अधिकारी धक्क्यावर आहेत, पण या प्रवाशांचे पारपत्र तपासणार कोण?

धोका काल्पनिक नाही. अमेरिका खंडाच्या उष्ण अटलांटिक किनाऱ्यावरचा मायटिलॉप्सिस सॅलेई हा बोटाच्या पेराएवढा शिंपला १९६७ साली विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला. सत्तरच्या दशकात मुंबईच्या गोदीतही त्याची नोंद झाली. खांब, साखळ्या, जहाजांची बुडे, जे मिळेल त्यावर तो थरावर थर चढवितो आणि मूळच्या जीवांना पाय रोवायला जागा ठेवीत नाही. आपल्याकडे तो ठाण मांडून बसला.

याच जातकुळीचा शिंपला मार्च १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील नौकातळांत सापडला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो तेथे नव्हता. ऑस्ट्रेलियाने आठ-दहा दिवस समित्या नेमण्यात घालविले नाहीत. नौकातळांचे दरवाजे बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडण्यात आले आणि महिन्याभरात त्या शिंपल्याचा समूळ नायनाट झाला. वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक खर्च आला, परंतु किनारा वाचला. हा चमत्कार पैशाने किंवा रसायनाने घडला नाही. आधीची नोंद हाताशी होती आणि नवा पाहुणा पाहताक्षणी ओळखणारी माणसे जागेवर होती, म्हणून तो घडला.

ओळख पटविणे म्हणजे काय?

प्रौढ शिंपला हाती असेल तर अनुभवी डोळा त्याला ओळखू शकतो. पण बॅलास्ट पाण्यातील डिंभ एकमेकांसारखेच दिसतात. तेथे डीएनए लागतो. नमुना मद्यार्कात जतन करायचा, त्यातून डीएनए वेगळा काढायचा, एका ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि तो जगभरच्या नोंदींशी ताडून पाहायचा. कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी २००३ साली मांडलेली ही रीत ‘डीएनए बारकोड’ म्हणून सर्वश्रुत आहे.

ऐकायला सोपे वाटते, परंतु खरी विद्या पुढेच आहे. संगणकाने दाखविलेली जवळची नोंद ही ओळख नव्हे. ती मूळ नोंदच चुकीच्या नावाने झालेली असू शकते किंवा आपल्या खाडीतील जातीची नोंदच तेथे नसू शकते. मग अक्षरांच्या ओळी नीट जुळवाव्या लागतात, बदलांचे योग्य गणिती प्रारूप निवडावे लागते, तुलनेसाठी दूरचा नातलग घ्यावा लागतो आणि काढलेल्या वृक्षाची फांदीन् फांदी किती भरवशाची आहे हे पुन्हा पुन्हा तपासावे लागते. संगणक वृक्ष काढतोच. चुकीची माहिती दिली तरीही काढतो आणि तोही सुबक काढतो! तो वृक्ष खरा की खोटा, हे सांगायला शिकलेला माणूसच लागतो.

या विद्येचे सामर्थ्य केवढे आहे ते सह्याद्रीनेच दाखवून दिले. २००३ साली एस. डी. बिजू आणि बेल्जियमचे फ्रँकी बोसाइत यांनी केरळच्या डोंगरांतील एका बेडकाची वंशावळ उलगडली. त्याचे सर्वात जवळचे आप्त निघाले ते हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवरचे बेडूक! भारतभूमी इतर भूखंडांपासून विलग होण्याच्या काळाची साक्ष त्या जीवाच्या डीएनएत होती. त्याच्या नावात ‘नासिका’ हा संस्कृत शब्द आणि सह्याद्री दोन्ही आहेत. अभिमान वाटावा असेच हे संशोधन आहे. पण सह्याद्रीच्या बेडकाचे गोत्र ठरविण्याच्या कामात ब्रुसेल्सच्या विद्यापीठाचा हात लागावा, यात विचार करण्याजोगे काही नाही काय?

दोन दिवसांचे पंडित

आपल्याकडे प्रशिक्षण होत नाही असे नाही. बंगळुरू, हैदराबाद आणि पुणे येथील अग्रगण्य संस्थांत उत्तम काम चालते. परंतु तेथपर्यंत पोहोचणारे विद्यार्थी मूठभर आहेत. जिल्ह्याच्या महाविद्यालयातून प्राणिशास्त्राची पदवी घेऊन निघालेल्या तरुणाच्या वाट्याला येते ती दोन दिवसांची ‘राष्ट्रीय कार्यशाळा’. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, सत्कार आणि बीजभाषण होते. दुसऱ्या दिवशी पडद्यावर कोणीतरी कळ दाबून वृक्ष काढून दाखवितो आणि सायंकाळी प्रमाणपत्रांचे वाटप होते. महाविद्यालयाच्या मूल्यांकनात एका उपक्रमाची भर पडते. विद्यार्थी मात्र आला तसाच रित्या हाताने परत जातो.

ज्याला खरोखर शिकायचे आहे, तो परदेशातील वर्गांच्या जाहिराती पाहतो. २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन मिळते. युरोपातील आठवड्याभराच्या वर्गाचे शुल्क कित्येकदा त्याहून अधिक असते. प्रवास आणि निवास वेगळा. मग उरते ती शिष्यवृत्तीची याचना किंवा आपले नमुने परदेशी सहकाऱ्याकडे सोपवून शोधनिबंधात मधले कुठले तरी नाव मिळविण्याची तडजोड.

गुणवत्तेचा दुष्काळ असता तर गोष्ट वेगळी होती. वंशवृक्ष काढण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘मेगा’ ही विनामूल्य संगणकप्रणाली १९९३ साली प्रथम बाहेर आली. तिच्या तीन जनकांपैकी एक सुधीर कुमार हे पिलानीत शिकलेले भारतीय आहेत. प्रणाली घडली ती अमेरिकेतील पेनसिल्वेनियात! कार्यशाळेत कळ दाबणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे सांगितलेही जात नाही.

पुण्यात पेरले, पण…

दैवदुर्विलास असा की, भारताने या क्षेत्रात पाऊल उशिरा टाकलेले नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८६-८७ मध्येच देशभर जैवमाहिती केंद्रांचे जाळे विणण्यास आरंभ केला. १९८७ साली पुणे विद्यापीठात असे केंद्र उभे राहिले. प्रा. अशोक कोळसकर यांच्यासारख्या वैज्ञानिकांनी ते नावारूपास आणले. त्याच सुमारास जपानने मिशिमा येथे स्वतःचे डीएनए-भांडार सुरू केले. अमेरिकेचे जेनबँक १९८२ पासून होतेच; युरोपचेही होते. ही तीन भांडारे आज जगाची चोपडी सांभाळतात.

भारताचे राष्ट्रीय भांडार केव्हा झाले? फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्राचे राष्ट्रार्पण झाले १० नोव्हेंबर २०२२ रोजी! जपानबरोबर चालू लागलेल्या देशाला त्या मुक्कामी पोहोचायला पस्तीस वर्षे अधिक लागली. या काळात सरकारे अनेक पक्षांची आली आणि गेली. म्हणून हा दोष कोणा एका पक्षाच्या माथी मारून सुटका होणार नाही. विद्येचा पाया घालायचा आणि छप्पर घालायचे विसरायचे, हा आपला राष्ट्रीय आळस आहे.

त्याची किंमत महामारीत मोजावी लागली. २०२० च्या अखेरीस येथे आढळलेला करोनाचा नवा प्रकार २०२१ च्या वसंतात जगभरच्या वृत्तपत्रांत ‘इंडियन व्हेरियंट’ म्हणून गाजला. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला ‘डेल्टा’ हे ग्रीक नाव दिले. पण तोवर व्हायची ती बदनामी होऊन गेली होती. त्या वंशवृक्षाच्या फांद्यांना क्रमांक देणारी पद्धतही प्रामुख्याने ब्रिटिश विद्यापीठांतील संशोधकांनी २०२० मध्ये घालून दिलेली होती. जो वृक्ष काढतो, तोच फांदीला नाव देतो.

‘विज्ञानाला सीमा नसतात!’

यावर पुरोगामी गोटातून ठरलेले उत्तर येते. ‘विज्ञानाला सीमा नसतात. माहिती सर्वांना खुली आहे, व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात. मग स्वदेशीचा हा हट्ट कशाला?’

ज्ञानाला सीमा नसतात, हे खरेच. परंतु पेटंटला, बाजाराला आणि नफ्याला सीमा असतात. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाला हळदीच्या जखम भरण्याच्या गुणाचे पेटंट मिळाले, तेव्हा सीमारहित विज्ञान कोठे होते? १९९७ साली ते रद्द झाले, कारण डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने संदर्भ धुंडाळून पुराव्यांची चळत पुढे ठेवली. डीएनएच्या माहितीच्या वापरातून होणाऱ्या नफ्याचा वाटा मूळ देशांना मिळावा, यासाठी २०२४ साली कोलंबियातील काली येथे जगाला स्वतंत्र निधीचा निर्णय घ्यावा लागला. तेव्हा या माहितीला मोल आहे, हे जगानेच मान्य केले आहे.

हळदीच्या प्रकरणाचा धडा आपल्याही घरात शिकण्यासारखा आहे. ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे व्यासपीठावरून सांगितल्याने पेटंट रद्द होत नाही. अभिमान हा पुराव्याचा पर्याय नव्हे. चर्मचक्षूंना न दिसणारा डिंभ घोषणेने ओळखता येत नाही. त्यासाठी तासन्तास बसून अक्षरे जुळवावी लागतात. राष्ट्रभक्तीचे हे रूप दिखाऊ नसेल, पण आज त्याचीच उणीव आहे.

न्हावा शेव्यातच का?

अमेरिकेत वुड्स होल नावाचे एक समुद्रकाठचे खेडे आहे. तेथील सागरी प्रयोगशाळेत १९८८ पासून रेण्वीय उत्क्रांतीचा वर्ग भरतो आणि जगभरचे तरुण संशोधक तेथे येतात. समुद्रकाठच्या खेड्यात जे घडू शकते, ते उरण तालुक्यात का घडू नये?

येथे पाया तयारच आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या बॅलास्ट पाणी प्रकल्पासाठी २००० च्या सुमारास जगातील सहा ठिकाणे निवडली गेली. चीनचे दालियान, युक्रेनचे ओडेसा, इराणचे खार्ग बेट, दक्षिण आफ्रिकेचे साल्दान्हा, ब्राझीलचे सेपेतिबा आणि भारतातून मुंबई! गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने २००१-०२ मध्ये मुंबई आणि न्हावा शेवा या दोन्ही बंदरांतील जीवांची आधाररेखा-पाहणी केली. उरणच्या खाडीतील शंख-शिंपल्यांच्या नोंदी तालुक्यातील महाविद्यालयीन प्राध्यापकांनी प्रसिद्ध केल्या आहेत. आणि शिणाणे, तिसऱ्या, कालवे कोठे होती आणि कोठून नाहीशी झाली हे पिढ्यान् पिढ्या जाणणारा कोळी समाज येथेच आहे. या बंदरासाठी त्यानेच गाव आणि खाडी सोडली. बंदरामुळे उपजीविका गमावलेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई द्यावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिला होता. त्या घरांतील मुलामुलींना या विद्येचे दार उघडणे, हा उपकार नव्हे; ते समाजाचे ऋण आहे.

मात्र एक सल राहतोच. बंदर सुरू झाले १९८९ मध्ये आणि आधाररेखा आखली गेली बारा वर्षांनी. मूळचे रहिवासी कोण आणि उपरे कोण, हे ठरवायला तोवर उशीर झाला होता. तीच चूक पुन्हा करण्याची मुभा आता नाही. कारण याच बंदर प्राधिकरणाच्या पुढाकाराने ७६,००० कोटी रुपयांहून अधिक खर्चाचे वाढवण बंदर डहाणूच्या किनाऱ्यावर होऊ घातले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. तेथे पहिले मोठे जहाज लागण्यापूर्वी त्या किनाऱ्यावरील प्रत्येक जातीची डीएनएसह नोंद झाली पाहिजे. ती करणारे हात आजच शिकू लागले तरच वेळेवर तयार होतील.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. न्हावा शेवा येथे दरवर्षी किमान सहा आठवड्यांचा निवासी वर्ग व्हावा. त्याचा खर्च बंदर प्राधिकरणाने उचलावा, अध्यापन समुद्रविज्ञान संस्थेने आणि पुण्याच्या केंद्राने करावे. विद्यार्थ्याने धक्क्याच्या खांबावरून नमुना खरवडण्यापासून वृक्ष तपासण्यापर्यंत प्रत्येक पायरी स्वतः करावी. प्रत्येक नमुना जतन व्हावा आणि प्रत्येक नोंद फरिदाबादच्या भांडारात जावी. समजावून सांगण्याची भाषा मराठीही असावी, म्हणजे जिल्ह्याच्या महाविद्यालयातील मुलगी इंग्रजीच्या धाकाने मागे बसणार नाही. आणि प्रमाणपत्र उपस्थितीचे नको. अनोळखी नमुन्याची ओळख स्वतः पटवून देणाऱ्यालाच ते मिळावे.

७६,००० कोटींच्या ताळेबंदात या वर्गाचा खर्च शोधूनही सापडणार नाही. पण तो केला नाही, तर उद्या वाढवणच्या खांबांवर चढलेल्या परक्या शिंपल्याचे नाव विचारायला आपला नमुना पुन्हा परदेशी धाडावा लागेल आणि उत्तर येईपर्यंत डहाणूच्या मच्छीमाराचे जाळे रिकामे झालेले असेल.