जखिऱ्याचे टाके
केंद्रीय पेट्रोलियम मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,


रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या पाण्याविषयी एक सूचना आहे. झरा वाहता असला तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये. लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात आणि पाणी तर एरवीपेक्षा जास्त लागते, म्हणून जखिऱ्याची टाकी वेगळी बांधावी. देशाच्या तेलाचा विचार करताना मला ही सूचना सतत आठवते.

कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. एकाने नाही दिले तर दुसऱ्याकडून घेऊ, हे आपले धोरण शहाणपणाचे आहे, पण पुरेसे नाही. २०१९ चा मे आठवा. इराण तेल विकायला तयार होता, उधारीची मुदतही सोयीची होती. अमेरिकेने निर्बंधांतली सवलत काढून घेतली आणि आपली खरेदी थांबली. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्येच मांडले होते, की राष्ट्रांच्या वर दाद मागावी असा कोणी ठाणेदार नसतो, ज्याने त्याने आपली सोय आपणच पाहायची. जर्मनीने उलटा भरवसा धरला. व्यवहार वाढला की वैर उरणार नाही, असे मानून निम्म्याहून अधिक गॅस रशियाकडून घेतला. २०२२ मध्ये नळ बंद झाला.

विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे खडकात खोदलेल्या आपल्या जखिऱ्याच्या टाक्यांत ५३.३ लाख टन तेल मावते. सरकारच्याच हिशेबाने ही साडेनऊ दिवसांची बेगमी. तेल कंपन्यांकडे याहून खूप जास्त आहे, हे मान्य. पण तो रोजच्या धंद्यातला फिरता साठा. २०२० मध्ये भाव कोसळले तेव्हा आपण या टाक्या भरून घेतल्या आणि सुमारे ५,००० कोटी रुपये वाचवले. फार चांगले काम झाले ते. जागा असती तर आणखी भरता आले असते. चंडीखोल आणि पादूरच्या ६५ लाख टनांच्या नव्या टाक्यांना जुलै २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. त्यांत अजून थेंबही उतरलेला नाही.

स्वयंपाकाच्या गॅसची मला याहून जास्त काळजी वाटते. निम्म्याहून अधिक गॅस आयातीचा, त्यातला बहुतेक आखातातून येणारा. उज्ज्वला योजनेत १० कोटींहून अधिक घरांत सिलिंडर आला, तो सरकारच्या शब्दावर. आखाताच्या तोंडाशी असलेली होर्मुझची चिंचोळी सामुद्रधुनी बंद झाली, तर त्या घरांसाठी दुसरे टाके कुठे आहे?

चंडीखोल कधी भरणार, याची तारीख सांगा. आणि गॅसचा राखीव साठा किती दिवस पुरेल, तो आकडा संसदेत मांडा.

आपला,
एक नागरिक