वाट घरच्या लीगमधूनच

आम्ही युरोपातल्या बास्केटबॉल लीगचे प्रेक्षक, खेळाडू आणि पोरांना खेळ शिकवणारे प्रशिक्षक. आमची मागणी एकच आहे: सगळ्या देशांच्या व्यावसायिक लीगनी एकत्र बसावं आणि युरोपच्या सर्वोच्च स्पर्धेची वाट घरच्या लीगमधूनच जावी.

लिमोज हे फ्रान्समधलं चिनीमातीच्या भांड्यांचं गाव. १९९३ च्या एप्रिलमध्ये या गावच्या संघानं अथेन्समध्ये युरोपचा चषक जिंकला. फ्रान्सच्याच मार्सेच्या फुटबॉल संघाचा युरोपविजयसुद्धा त्यानंतरचा. आजच्या लिमोजला ते स्वप्न पडेल, पण वाट सापडणार नाही. २०१६ मध्ये युरोलीगनं, म्हणजे याच सर्वोच्च स्पर्धेनं, अकरा क्लबांना दीर्घ मुदतीचे परवाने दिले आणि त्यांची जागा घरच्या लीगमधल्या क्रमांकापासून सुटली. बहुतेक देशांच्या विजेत्याला मात्र आपोआप प्रवेश नाही. त्या अकरांवर आमचा राग नाही. त्यांच्यातल्याच कौनसच्या झाल्गिरिसनं १९९९ चा चषक मैदानावरच कमावला होता. राग आहे तो बंद दारावर.

आणि खेळाडूंच्या गुडघ्यांचा विचार कोण करणार? २०२५-२६ च्या युरोलीगमध्ये वीस संघ, म्हणजे प्रत्येकी ३८ सामने. स्पेनच्या लीगमध्ये ३४. बाद फेऱ्या आणि स्पेनमधली राजाचा चषक ही स्पर्धा धरण्याआधीच आकडा ७२ वर जातो. त्यात २०१७ पासून फिबानं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघानं, राष्ट्रीय संघांचे पात्रता सामने हंगामाच्या मधोमध आणले. फिबा आणि युरोलीग यांच्यात वाद पेटला आणि कित्येक देश बिनीच्या खेळाडूंशिवाय पात्रता फेरी खेळले. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं, अंग मात्र त्याच खेळाडूचं.

भांडण कुठवर जातं, ते आम्ही पाहिलंय. २०००-०१ च्या हंगामात युरोपात दोन सर्वोच्च स्पर्धा झाल्या. एकीत मक्काबी तेल अवीव जिंकला, दुसरीत किंडर बोलोन्या. खरा विजेता कोण, याचा निकाल मैदानावर कधीच लागला नाही.

लीगना एकत्र येता येतं. १९९१ मध्ये स्पेन, इटली आणि फ्रान्सच्या लीगनी मिळून यूलेब ही संघटना उभी केली होती. पुढे या संघटनेच्या युरोलीगची सूत्रं बड्या क्लबांकडे गेली, तिथे आपण गाफील राहिलो. आता मार्च २०२५ मध्ये एनबीए आणि फिबानं युरोपात नवी लीग काढण्याचा विचार जाहीर केलाय. पुन्हा गाफील राहणं परवडणारं नाही.

म्हणून लीगनी एकमुखानं सांगावं: सर्व स्पर्धांचं वेळापत्रक एकच, आणि ते ठरवताना खेळाडूंचे प्रतिनिधी समोर हवेत. देशाच्या विजेत्याला युरोपात खेळण्याची संधी हवी, मग त्याचं स्टेडियम कितीही लहान असो. बारा वर्षांच्या पोराला ज्या क्लबानं ड्रिबल शिकवलं, त्याला मोठ्या स्पर्धेच्या उत्पन्नातला वाटा मिळायलाच हवा.

तुमच्या गावच्या संघाचा पुढचा सामना पाहायला जा. तिथे हा जाहीरनामा वाचून दाखवा आणि सह्या घेऊन लीगच्या कार्यालयात नेऊन द्या.