गुडघ्याला मशागत हवी, नुसती फवारणी नको



ऊस विकास खात्यातल्या माणसाने बेणेप्रक्रिया सोडून गुडघ्यावर का लिहावे, असे कोणी विचारील. मी कृषी पदविकाधारक, डॉक्टर नव्हे. पण लागणीच्या नोंदी घ्यायला गावोगाव फिरताना एकच वाक्य कानावर येते, "साहेब, बांधापर्यंत येतो, पुढं तुमचं तुम्ही बघा, गुडघा वाकत नाही." पन्नाशीपुढचे सभासद आणि त्यांच्याहून जास्त घरच्या बायामाणसांची ही तक्रार आहे. उकिडवे बसून खुरपणी, टिपऱ्या दाबणे, रात्रीच्या पाळीला चिखलात दारे धरणे, ही सारी कामे गुडघ्यावरच येतात. तोडणी मजुरांचे तर विचारूच नका. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या गुडघ्यावरचा भार आपल्या काटा-पावतीवर येत नाही.

मग काय होते? आधी मेडिकलमधून गोळ्या, मग कोणाच्या तरी सांगण्यावरून इंजेक्शन, आणि शेवटी नवी मुंबई. आपल्या भागातील घराघरातले कोणी ना कोणी कोपरखैरणे, घणसोली, नेरूळला आहेच. मुंबईचे घाऊक बाजार 1980 आणि 1990 च्या दशकांत वाशी-तुर्भेला हलले, त्यांच्यामागे आपली माथाडी माणसेही तिकडे गेली. (आपल्याच साखरेची पोती वाहून त्यांचेही गुडघे गेले. पोते पूर्वी 100 किलोचे असे, आता 50 चे आहे, हे त्यातल्या त्यात बरे.) तर मुलाकडे राहून आई-वडील दहा दिवस मशीनचा शेक घेतात, बरे वाटते, गावी परततात, आणि महिन्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वर म्हणतात, "फिजिओथेरपी करून बघितली, काही उपेग नाही."

माझे म्हणणे असे, की ती फिजिओथेरपी झालीच नाही. शेक हा पाहुणा आहे, व्यायाम हे घरचे माणूस.

याचे कारण गुडघ्याच्या रचनेत आहे. मांडीचे हाड व नडगी यांच्या टोकांना गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते, मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या, पुढे वाटी. या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. सांधा हलतो, भार पडतो नि सुटतो, तेव्हा सांध्यातील वंगण तिच्यात आत-बाहेर होते आणि त्यावरच ती पोसते. मांडीचा पुढचा स्नायू ट्रॉलीच्या पाट्यासारखा धक्के सोसतो. दुखते म्हणून आपण चालणे सोडतो, स्नायू सुकतो, पाटा ढिला पडला की सगळा धक्का सांध्यावर, म्हणून आणखी दुखते. हे चक्र गोळीने तुटत नाही. गोळी ठणका थांबवते, आणि वर्षानुवर्षे मनाने घेतली तर पोट व मूत्रपिंड बिघडवते.

एक्स-रेत "गॅप कमी झाली" म्हटले की माणूस हातपाय गाळतो. पण झीज पुष्कळ दिसूनही न दुखणारे लोक आहेत, आणि थोड्या झिजेने बेजार झालेलेही. वजनाचे मात्र गणित सरळ आहे. अंगावरचे 1 किलो उतरले, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी कमी होतो.

व्यायाम कोणते, ते तपासून फिजिओथेरपिस्टनेच ठरवावेत. साधारणपणे गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे, पाय सरळ ठेवून उचलणे, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, अशी सुरुवात असते. करताना थोडे दुखले तरी चालते. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले तर मात्रा कमी करायची. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. खताचा हप्ता टाकून दुसऱ्या दिवशी फुटवे मोजायला आपण जातो का?

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. झीज पराकोटीची असेल, रात्रीची झोप उडाली असेल, तर सांधा बदलणे योग्यच. केंद्राने 2017 साली कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादाही घातली. पण बदललेल्या सांध्यालाही व्यायाम सुटत नाही, आणि आधी स्नायू कमावलेला माणूस नंतर लवकर उभा राहतो.

आता कारखान्याविषयी स्पष्ट लिहितो. आपल्या आरोग्य शिबिरात रक्तदाब मोजतात, गोळ्यांची पुडी देतात आणि फोटो निघतो. त्याऐवजी गाळप हंगामात प्रत्येक गट कार्यालयात पंधरवड्यातून एक दिवस नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट बसवावा, आणि तोडणी टोळ्यांनाही तिथे मुभा असावी. सल्ला तोच राहिला तरी सहा आठवडे पाठपुरावा होईल, जो मुलाकडच्या दहा दिवसांत होऊ शकत नाही. ऊसवाढीला आपण कृषी सहाय्यक नेमतो. हा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय जरूर मांडावा.

तोवर जे नवी मुंबईस जातील त्यांनी नेरूळ किंवा कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या फिजिओथेरपी विभागांत चौकशी करावी. जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची नावे बरोबर न्यावीत. व्यायाम मराठीत लिहून, चित्र काढून मागावेत, आणि तिथेच एकदा करून दाखवावेत. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, मार लागून पाय टेकवेना, सांधा मध्येच अडकू लागला, किंवा पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर मात्र व्यायामाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

— ऊस विकास अधिकारी