‘ण’ कोनाचा?

अंकलिपी उघडून पाहा. ‘क’ कमळाचा, ‘घ’ घराचा. ‘ण’ मात्र बाणाचा. कारण ‘ण’ने सुरू होणारा, रोजच्या वापरातला शब्द मराठीत नाही. हे अक्षर कायम शब्दाच्या मध्ये, नाहीतर शेवटी. पण त्याच्यावाचून मराठीचे पान हलत नाही. करणे, शिकणे, लढणे ही सारी ‘णे’वर संपतात. माळ्याची माळीण आणि शेजाऱ्याची शेजारीण याच अक्षराने होते. दोन शब्दांना जोडणारा ‘आणि’ही त्याचाच. सन म्हणजे वर्ष, सण म्हणजे उत्सव. मन म्हणजे चित्त, मण म्हणजे चाळीस शेर. वन म्हणजे जंगल आणि वण म्हणजे जखमेची खूण.

या अक्षराचा आणखी एक उपयोग आहे. तो अंकलिपीत छापलेला नसतो. माणूस कोणत्या वस्तीतून, कोणत्या घरातून आला हे ताडण्यासाठी आपल्याकडे ‘ण’ वापरला जातो. पोरगं वर्गात ‘पानी’ म्हणाले की वर्ग हसतो. कधी शिक्षकही हसतात. दुसऱ्या दिवसापासून ते पोरगं हात वर करणे सोडते. उत्तर येत असूनही गप्प बसते. या गप्प बसण्याची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात होत नाही.

‘पानी’, ‘कोन’ हे काय एकट्या दलित वस्तीचे उच्चार आहेत? नाहीत. विदर्भातला कुणबी, तेली, माळी, कोष्टी, सारा कष्टकरी समाज असाच बोलत आला. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यातही वऱ्हाडी-नागपुरी बोलीतल्या या ‘न’ची नोंद आहे. म्हणजे ही चूक नव्हे, ही बोलीची रीत आहे.

आता शुद्धतेचा हिशेब त्यांच्याच वहीतून मांडू. संस्कृतात पाण्याला एक शब्द ‘पानीय’. त्यात ‘न’ आहे, ‘ण’ नाही. ‘न’चा ‘ण’ केला तो प्राकृताने. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात तसा नियमच आहे. कालिदासाच्या नाटकात दुष्यंत राजा संस्कृत बोलतो. शकुंतला आणि तिच्या सख्या प्राकृत बोलतात. म्हणजे तेव्हा ‘न’ राजाचा होता आणि ‘ण’ बायकांचा, चाकरमाणसांचा. आज ‘ण’ प्रतिष्ठितांचा झाला आणि ‘न’ अडाण्यांचा! अक्षर तेच, उच्चार तेच. बदलले ते फक्त बोलणाऱ्याचे स्थान. मग कमीपणा अक्षरात होता की पाहणाऱ्याच्या नजरेत?

पालीकडे वळू. संस्कृतातले ‘निर्वाण’ पालीत ‘निब्बान’ आहे. संस्कृतातली ‘भिक्षुणी’ पालीत ‘भिक्खुनी’ आहे. दोन्हीकडे ‘ण’च्या जागी ‘न’. याउलट ‘सरण’ आणि ‘वेरमणी’ यांत ‘ण’ आहे. पंचशीलातला ‘पाण’ म्हणजे जीव, आपले पाणी नव्हे. सम्राट अशोकाचा एकच आदेश गिरनारच्या शिळेवर वाचला तर ‘प्राण’ दिसतो, ओडिशातल्या जौगडला वाचला तर ‘पान’. ज्या प्रदेशात जशी बोली, तसा शिलालेख. राजाने प्रजेची जीभ बदलायला लावली नाही. आपला आदेश तिच्या जिभेवर आणून ठेवला. बावीसशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला जे कळले ते आजच्या वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकाला कळू नये?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली आणि प्राकृत या तिन्ही भाषांना अभिजात दर्जा जाहीर केला. आनंद आहे. पण मराठीचा हा दावा उभा आहे तो महाराष्ट्री प्राकृतावर, म्हणजे एकेकाळच्या सामान्यांच्या बोलण्यावर. आजीच्या बोलण्याचा गौरव करायचा आणि नातवाच्या बोलण्याला हसायचे, हा कुठला न्याय?

आम्ही वकिली करतो म्हणून कायद्याचेही बोलतो. साक्षीदार पिंजऱ्यात ‘कोन व्हता मले दिसला’ म्हणाला म्हणून त्याची साक्ष हलकी ठरत नाही. उलटतपासणीत त्याचे खरे-खोटे तपासले जाते, त्याचा ‘न’ नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद २९ ने आपली वेगळी भाषा जतन करण्याचा हक्क नागरिकांच्या प्रत्येक गटाला दिला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारण्याबरोबरच त्याच्या मानसिक छळालाही बंदी केली आहे. मोडणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. भरवर्गात मुलाच्या बोलीची रोज टिंगल करणे हा मानसिक छळ नाही, तर काय आहे? पालकांनी अशा वेळी मुलालाच दटावण्याऐवजी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला लेखी अर्ज द्यावा.

कुणी म्हणेल, मग ‘ण’ शिकवायचाच नाही का? जरूर शिकवा. ‘सन’ आणि ‘सण’ यांतला फरक मुलाला लिहिता आलाच पाहिजे. परीक्षा, अर्ज, न्यायालय, वर्तमानपत्र यांची भाषा आमच्या मुलांच्या हातात हवीच हवी. शासनाचे शुद्धलेखनाचे नियम लिहिण्यासाठी आहेत, ते पाळावेत. पण ‘ण’ शिकवताना ‘न’ला शिवी देण्याची गरज नाही. मुलाजवळ एक होते, त्यात दुसऱ्याची भर घाला. आहे ते हिसकावून घेऊ नका.

आणि वाचकहो, बोट केवळ दुसऱ्यांकडे दाखवून भागणार नाही. आपल्यातल्या शिकलेल्या, नोकरदार घरांतही पाहुण्यांसमोर आजी ‘पानी’ म्हणाली की सून-मुले अवघडतात. त्याच आजीने धुणीभांडी करून, विडी वळून या घरात पहिली पदवी आणली. दीक्षाभूमीवर ती भाबड्या जिभेने ‘सरनं’ म्हणते, म्हणून तिचे शरण जाणे उणे ठरते काय? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे गेली. ओंजळ भरताना कोण ‘पाणी’ म्हणाला आणि कोण ‘पानी’, हे तिथे कुणी विचारले नाही. प्रश्न हक्काचा होता.

आजही प्रश्न हक्काचाच आहे. वर्गात हात वर करण्याचा आणि आपल्या जिभेने उत्तर देण्याचा. उत्तर बरोबर असेल तर गुण द्या. ‘ण’ हळूहळू येईल. गप्प झालेले पोरगं मात्र पुन्हा सहजासहजी बोलत नाही.